गोणपाटवाला आणि गेरूचं बोट

बायको गेली. तिचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या रद्दीच्या पोत्यात मला मुडदे सापडले. चित्रातले होते, पण मुडदे ते मुडदेच.

पोतं कसलं ते आधी सांगतो. आम्ही म्हसवडच्या अंगाला राहणारी धनगरं. माझं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. गुडघे खिळखिळे झाले तेव्हा मेंढरं विकली. पोरगा फलटणकडं साखर कारखान्यावर ड्रायव्हर आहे, तो आठवड्यानं येतो. घरात मी, ती आणि सून. पुढं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि बाजारातल्या किराणावाल्यांना कागदाच्या पिशव्या लागू लागल्या. रद्दी दुकानदाराची, खळ आपली. ही रोज दुपारी सोप्यात बसायची, कणकेची खळ शिजवायची, कागद दुमडायची आणि चिकटवायची. तिचं डावं मनगट वाकडं होतं. त्या हाताच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून कागद ती मनगटाच्या हाडानं दाबून धरायची. ते मनगट कशानं वाकडं झालं ते पुढं येईल. टाळणार नाही.

तर ती गेल्यावर उरलेली रद्दी दुकानदाराला परत करावी म्हणून पोतं पालथं केलं. तळाला जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं गठुडं निघालं. मला वाटलं काही चीजवस्तू असेल. गाठ सोडली तर पुस्तकं. पातळ, रंगीत, पोरं बघतात तसली चित्रांची. पण पोरांची नव्हेत. प्रत्येकाच्या वरच्या पानावर एकच माणूस. तोंडाला गोणपाट बांधलेलं, त्याला एका डोळ्यापुरतं भोक, आणि हातात हमाल पोतं ओढायला वापरतात तो लोखंडी आकडा. आकड्यावरनं रक्त गळतंय.

हिला अक्षर येत नव्हतं. बँकेत अंगठा, रेशनला अंगठा. मग ही पुस्तकं कुणाची? आणि लपवली कशाला?

खरं सांगतो, पहिला विचार वाईट आला. बाईमाणूस जे गठुड्यात बांधून ठेवतं ते कुणीतरी दिलेलं असतं. तिला जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नव्हते आणि मी तिच्यावर पाळत ठेवायला बसलो. जिवंत होती तेव्हा कधी ठेवली नाही. तेव्हा तिच्याकडं बघायलाच सवड नव्हती.

सून पाण्याला गेली होती. दाराला कडी घातली आणि वाचायला बसलो. मी चौथी शिकलोय, तीही तीन गावच्या शाळांत मिळून, कारण मेंढरं चालू लागली की शाळा मागं राहायची. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतो. पण ह्या पुस्तकांत वाचायचं थोडं आणि बघायचं जास्त.

गोष्ट अशी. हा गोणपाटवाला आधी बाजारात हमाल होता. गुंडांनी त्याचं खोपटं पेटवलं. बायकोपोर जळाली, हा रिकाम्या पोत्यांच्या ढिगाखाली अर्धा भाजून वाचला. पोलीस आले, पंचनामा झाला, गुंड दुसऱ्या दिवशी सुटून आले. तेव्हापासनं हा तोंडाला गोणपाट बांधून हिंडतो आणि ज्याचा त्याचा न्याय आकड्यानं करतो. वकील नाही, तारीख नाही. दारात उभा राहतो, "तू केलंस" एवढंच म्हणतो आणि आकडा घालतो. समोरच्याला तोंड उघडायला देत नाही.

चित्रं काढणाऱ्यानं कधी मेंढरू कापलेलं बघितलं नसावं. मान कापल्यावर रक्त असं कारंज्यागत आढ्याला लागत नाही. आणि आकड्यानं अख्खा गडी एका हातानं उचलायचा म्हणजे कुठल्याही हमालाला विचारून बघा, तो हसेल. तरी वाचत गेलो. मला माणूस आवडला, लपवत नाही. आमच्याकडं बांधावरनं, चोरीला गेलेल्या मेंढरांवरनं, पळवलेल्या पोरींवरनं लोकांच्या तारखाच चाललेल्या असतात. असला एक गडी आला तर तालुका दोन दिवसांत सरळ होईल, असं वाटलं. दोन पुस्तकं अशी वाटण्यातच गेली.

तिसऱ्यात पान उलटताना अंगठ्याला तांबडं लागलं.

छापलेलं रक्त हाताला लागत नाही. उजेडाकडं धरून बघितलं. मरायला टेकलेल्या एका माणसाच्या कपाळावर, चित्रावरच, कुणीतरी बोट टेकवलं होतं. गेरू. खळीत कालवलेला गेरू, वाळून खपली धरलेला. मेंढरांच्या वेळचा गेरूचा डबा अजून घरात होता, फडताळात मागं. मागची दोन पुस्तकं परत चाळली. होतं की! घाईत दिसलं नव्हतं. ह्याच्या कपाळाला बोट आहे, त्याच्या नाही. ह्याच्या आहे, शेजारच्या दोघांच्या नाही.

ज्यानं मेंढरं राखली नाहीत त्याला ह्याचं काही वाटणार नाही. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. आमच्या घराण्यात मेंढराला गेरू दोन जागी लागतो. पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या अंगाला, लावला तर ती मालकाची खूण, दुसऱ्याच्या कळपात शिरलं तर ओळखू यावं म्हणून. आणि कपाळावर लावला तर ते खाटकाचं. खाटीक आला की मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या बाहेर उभं राहायचं, कपाळं बघायची, आणि बोट असेल ते ओढून काढायचं. आमच्यात कपाळाला बोट लागलेलं मेंढरू दोन दिवसांचा सोबती.

म्हणजे ही इथं बसून माणसं निवडत होती. पिशव्या चिकटवता चिकटवता. हा जाऊ दे, हाबी जाऊ दे.

मग पाचवं पुस्तक उघडलं आणि त्यात मी होतो.

मी म्हणजे माझ्यासारखा. मुंडासं, भरघोस मिशा, बसकं नाक, हातात काठी. गावाकडचा गडी. पहिल्या पानावर तो बायकोला काठीनं मारतो आणि तिचा हात मोडतो. मधल्या पानांत दारू पिऊन हसतो. मी दारू पीत नाही, तेवढाच काय तो फरक. शेवटाला गोणपाटवाला त्याला गुऱ्हाळात गाठतो. "तू केलंस." गडी काही बोलायच्या आत आकडा हनुवटीखाली घुसतो आणि खाली उकळत्या रसाची काहील. त्याच चित्रात, मुंडाशाच्या कडेखाली, कपाळावर गेरू. इतरांपेक्षा मोठा. एकाच जागी दोनदा बोट टेकवलेलं.

भिंतीवरचा आरसा काढला आणि चित्राशेजारी तोंड धरलं. नाक तेच.

आता मनगटाचं.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पाऊसकाळ संपल्यावर मेंढरं घेऊन आम्ही सांगलीकडं कृष्णाकाठाला उतरलो होतो. तिथं मला हिवताप चढला. कित्येक दिवस मी पालात पडून होतो, माणसं ओळखत नव्हतो म्हणे. त्यातनं उठलो. अंगात ताकद यायला लागली, तोवर खाटकाचा सांगावा आला, लग्नानंतरचा पहिलाच. कळपात एक तरणा मेंढा होता. त्याची आई मेल्यावर हिनं त्याला बोटानं दूध चाटवून वाढवला होता. हिच्या मागंमागं हिंडायचा. एक दिवस बघतो तर त्याच्या कपाळावर गेरू. मी म्हटलं, बरं झालं, पोरीला शहाणपण आलं, नर किती ठेवायचे ते कळायला लागलं. खाटीक आला तेव्हा बाकीच्यांबरोबर तोही ओढून दिला.

ही नदीवरनं पाणी घेऊन आली.

"त्यो कुठाय?"

"दिला."

"आवं, बोट लावलं हुतं की मी!"

"व्हय, म्हणून तर दिला."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. त्या दिवशी माझा थोरला भाऊ आणि दोन पाहुणे जेवायला होते. हिनं चूल पेटवलीच नाही. तीन दगडांपुढं हात मांडीवर घेऊन बसून राहिली. भाऊ पाहुण्यांदेखत म्हणाला, "गड्या, बायकू वठणीवर न्हाई तुझी." मी काठी घेतली. एकदाच मारली. डोक्यात बसणारी तिनं हातावर घेतली. हाड पुढं जुळलं, पण वाकडं जुळलं.

ती का रुसली ते मी विचारलं नाही. आपणच बोट लावायचं आणि मेंढरू गेलं की सुतक धरायचं, येडी आहे, असं मनात धरलं आणि सोडून दिलं. एक मात्र होतं. त्यानंतर तिनं कपाळाला गेरू कधी लावला नाही. मी सांगितलं तरी ते माझ्यावरच टाकायची. मी त्याला आळस समजलो.

आता पुस्तक मांडीवर होतं आणि मला एवढंच कळायला पाहिजे होतं. इतकी वर्षं माझ्यासाठी भाकऱ्या थापणाऱ्या बाईनं मनातनं मला खाटकाला काढून ठेवलं होतं का?

कडी वाजली. सून होती.

"मामा, दार का लावलंय? बरं हाय न्हवं?"

दार उघडलं आणि गठुडंच पुढं धरलं. "ही कुणाची?"

तिचं तोंड उतरलं. कमरेवरची घागर खाली ठेवायला तिनं उगाच वेळ लावला. चोराला असाच वेळ लागतो.

"आत्यांची."

"तुझ्या सासूला वाचता येत हुतं व्हय?"

"मी वाचून दाखवायची. दुपारचं तुमी देवळाकडं गेला की."

"माझ्यापासनं चोरून?"

"मग काय तुमाला सांगून? तुमी म्हणला असता, पिशव्या सोडून कसलं रांडचं वाचत बसलाय गं दोघी."

म्हणालो असतो. मी गेरू लागलेलं पान पुढं केलं.

"आणि हे तांबडं कसलं? का हेबी तुमचं दोघींचं गुपित?"

तिनं पान उजेडाला धरलं. तिला ते नवीनच होतं असं दिसलं, पण बायकांच्या दिसण्यावर मी जात नाही. "हे मला ठावं न्हाई बघा. वाचून झालं की पुस्तक माझ्याकडनं काढून घ्यायच्या. म्हणायच्या, जा तू, तुझं तू आवर, मला ह्या गोणपाटाशी बोलायचंय."

"गोणपाटाशी?"

"लय शिव्या द्यायच्या त्याला. मुडद्या, हातात आकडा आला म्हणून शाणा झालास व्हय, म्हणायच्या."

"कशापायी शिव्या? कमी माणसं मारतो म्हणून?"

"आता ते त्यांनाच ठावं."

बोलता बोलता तिनं ते गुऱ्हाळाचं पान उलटलं. चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि घाईनं पुढचं पान काढलं. मी तेवढ्यावर ओळखलं. हिलाही त्या मनगटाचं ठाऊक आहे. माझ्या मागं माझ्याच घरात, माझ्याच सोप्यात, दोघींनी माझी पंचायत बसवली होती आणि तिसरा पंच तो तोंड झाकलेला.

संध्याकाळचं जेवण मला गेलं नाही. सुनेनं दोनदा विचारलं. दोनदा विचारलं म्हणून जास्तच संशय आला.

बाजारच्या दिवशी पुस्तकं पिशवीत घालून दुकान गाठलं. दुकानदार माझ्याच वयाचा मुसलमान गडी. त्याच्या बापापासनं आमच्या घरात मीठ-मिरची तिथनंच येते. मी पुस्तक गल्ल्यावर आपटलं.

"तू दिलीस ही?"

"मी रद्दी दिली गड्या. रद्दीत काय निघंल ते माझ्या हातात हाय का?"

"रद्दीत एकाच माणसाची एवढी पुस्तकं निघत्यात व्हय? मला बनवू नगस."

तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही. "आरं, पयलं एक निघालं रद्दीत. मग वैनीच म्हणल्या, ह्यो तोंड झाकलेला परत सापडला तर दुसऱ्या कुणाला देऊ नका, मला धाडा. मग मी रद्दी चाळून धाडायचो. एकदा तर मीठ बांधलेलं सोडून पान काढलंय त्यांच्यासाठी. लय नाद लागला हुता त्यांना."

"कसला नाद? काय म्हणायची?"

"मी इचारलं हुतं एकदा. म्हणल्या, ह्यो माणूस लय चुका करतोय, कुणीतरी ह्याच्या मागनं बघाय पायजे."

"मागनं बघाय पायजे म्हणजे? काय बघाय?"

"मला काय म्हाईत? बायको तुझी. डोस्कं मातर तुझ्यापरास बरं हुतं त्यांचं."

मग मी त्याला गेरू दाखवला. चष्मा वर करून, डोळ्याजवळ धरून त्यानं चार-सहा पानं बघितली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांबवलं.

"गड्या, हे उलटं हाय," तो म्हणाला. "ह्यो बघ. आईच्या औषधासाठी रॉकेल चोरणारं पोरगं, त्याला बोट. आन रॉकेलात भेसळ करणारा मालक, त्याला न्हाई. ह्यो वॉचमन, झोप लागली म्हणून मेला, त्याला बोट. आन ज्यानं आग लावली त्याला न्हाई."

"तेच म्हणतोय मी. बारक्या चोरालाबी सोडलं न्हाई तिनं. लय कडक निघाली."

त्यानं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "मेंढरातलं मला कळत न्हाई. पर बाईमाणूस खुणा माहेरनं घेऊन येतंय. आमच्या घरातली अजून रांगोळी तिच्या आईगत काढती, मुसलमान असून. वैनींच्या माहेरी इचार जा."

रांगोळीचं त्यानं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. तरी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

तिचं माहेर दिघंचीच्या पुढं आटपाडीच्या अंगाला, सांगली जिल्ह्यात. पहिलं तिथं नुसती कुसळं होती, आता डाळिंबाच्या बागा झाल्यात. भाऊ कुणी राहिला नाही. थोरली बहीण आहे, नवरा मेल्यावर माहेरीच येऊन राहिलेली. तिला मी आक्का म्हणतो. दात गेलेत, जीभ शाबूत आहे. अंगणात डाळिंबाची फुटकी फळं निवडत बसली होती.

"या पावणं. रडाय आलासा का काय हुडकाय?"

"हुडकाय."

"तरीच. रडाय आला आसता तर तेराव्याला रडला आसता."

मी खाली बसलो आणि गुऱ्हाळाचं पान उघडून तिच्या हातात दिलं. तिनं चित्र डोळ्याला लावलं. मग नखानं गेरू खरवडला आणि वास घेतला.

"खळ घातलीया गेरूत. तिचंच काम हाय."

"कुणाला लावलंय ते बघा."

"तुमाला," ती म्हणाली. दुसऱ्यांदा बघितलं पण नाही.

"म्हणजे आक्का, तिनं मला खाटकाला काढला हुता."

"खाटकाला?" तिनं मान वर केली. "कपाळाचं बोट खाटकाचं? कुणाच्यात?"

"आमच्यात."

"आगं बया बया! आमच्यात खाटकाचं शेपटापाशी. कपाळाला लावलं की त्यो नाथाचा. देवाला सोडलेला. त्येला कापायचा न्हाई, इकायचा न्हाई, कुणाच्या रानात शिरला तर हाकलायचाबी न्हाई. कपाळाला देवाचा टिळा लागतोय, तितं तुमी खाटकाची खूण करताय? मानसं हायसा का कोण?"

पुस्तक तिच्या हातातनं घेतलं आणि पिशवीतली आधीची पुस्तकं काढून पानं उलटत बसलो. रॉकेल चोरणारं पोरगं. झोपलेला वॉचमन. चुकून गाडी अंगावर घातलेला पोरसवदा ड्रायव्हर. एकेकाच्या कपाळाला बोट. ह्याला सोड. ह्यालाबी सोड. ही त्या गोणपाटाच्या आकड्याखालनं माणसं ओढून बाहेर काढत बसली होती, आणि मी समजत होतो की आत लोटतेय.

मग मेंढा आठवला. आठवला कसला, समोर येऊन उभा राहिला. "आवं, बोट लावलं हुतं की मी." "व्हय, म्हणून तर दिला."

आक्काला सगळं सांगितलं. मारल्याचंही सांगितलं. तिला ते आधीच ठाऊक होतं.

"त्यो मेंढा कशासाठी सोडला हुता, ते ठावं हाय का तुमाला?"

"न्हाई."

"कृष्णाकाठी तुमाला ताप चढलेला. तुमी डोळं फिरवलं हुतं. तवा ती नाथाला बोलली, ह्यो उठून बसू दे, माझा मेंढा तुला सोडती. तुमी उठून बसला. तिनं बोट लावलं. आन तुमी त्योच मेंढा आपल्या हातानं खाटकाला दिला."

एक डाळिंब तिनं दाबून बघितलं आणि बाजूला टाकलं.

"मग तोंडानं सांगायचं न्हाई का तिनं?" मी जवळजवळ ओरडलोच. "मी इचारलं न्हाई, तरी सांगायचं की! आमच्यात उलटं हाय हे कळलं आसतं!"

"तिला कळलं तवाच. तुमच्या एका बोलण्यात कळलं. पर सांगितलं आसतं तर तुमाला काय वाटलं आसतं? नवसाचा मेंढा मारला, आता नाथ मला सोडत न्हाई, ह्या भ्यानंच परत आथरूण धरलं आसतं तुमी. म्हणून गप ऱ्हायली. आमाला सांगितलं. दरसाल नाथाच्या देवळात जाऊन कुणासाठी नाक घासायची, वाटलं तुमाला?"

दरसाल नाथाच्या रथयात्रेला ती देवळात तासन्‌तास बसायची, हे खरं होतं. मी बाहेर उभा राहून बडबडायचो, एवढं काय मागणं आहे हिचं देवाकडं, म्हणून.

डोळ्याला पाणी आलं. आक्कानं येऊ दिलं, मग म्हणाली, "पुरं आता."

"म्हणजे मला माफ केलं हुतं तिनं."

"माफ?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं सडक्या फळाकडं बघतात. "मी सोडलं म्हणलं पावणं. माफ कवा म्हणलं? देवाला सोडलेल्या मेंढ्याचं आन मालकाचं काय ऱ्हातंय? त्यो खाईल, हिंडंल, म्हातारा हुईल. मालक त्येला मारत न्हाई, तशी हाकबी मारत न्हाई. त्यो आता देवाचा. आपलं काम संपलं. माफ केलं का न्हाई, ते तिला इचारायचं हुतं."

"आता कसं इचारू?"

"त्येच म्हणतीया."

मग तिनं राहिलेली पुस्तकं मागितली. शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो गोणपाटवाला एकटाच जळक्या पोत्यांवर बसलेला आहे, आकडा पायाशी पडलाय. आक्कानं त्याच्या तोंडावरच्या गोणपाटावरनं अंगठा फिरवला आणि मला दाखवला. तांबडा झाला होता. गोणपाटाचा रंगच तसला, म्हणून मला दिसलं नव्हतं.

"ह्येलाबी सोडलाय बघा," ती म्हणाली. "तुमच्या जोडीला."

परत निघालो तर गल्लीच्या तोंडाला मेंढा उभा होता. खरा. आडदांड, शिंगं वळलेली, कपाळाला ताजा गेरू. एका बाईनं वाळत घातलेल्या ज्वारीत तोंड घालून खात होता. बाई दारात बसून बघत होती, हाकलत नव्हती. मी थांबलो तसा तो माझ्याकडं आला, पिशवी हुंगली, काही नाही म्हटल्यावर वळून निघून गेला. कुणी त्याला हाक मारली नाही. म्हाताऱ्या जनावरागत एका बाजूनं लंगडत होता. गुडघा गेला असणार.

एसटीत मी सारखा त्या एका पानाचा विचार करत होतो. माझ्या कपाळावर बोट दोनदा टेकवलंय. बाकी सगळ्यांना एकदाच. एकदा लावलं आणि मग परत लावलं. का? पहिलं फिकट पडलं म्हणून? का पहिलं लावल्यावर तिला पुसावंसं वाटलं, आणि मग पुन्हा विचार करून लावलं? मधे किती दिवस गेले? ते दिवस ती माझ्या शेजारी बसून जेवत होती, का नव्हती? हा संशय आता जाणारा नाही. कुणी फेडणारा राहिला नाही.

घरी ताट येतं. भाकरी गरम असते. पोरगा येतो, पाय दुखतात का विचारतो, निघून जातो. मला कुणी काही बोलत नाही. देवळाकडं गेलो तर गेलो, नाही गेलो तर नाही. मला आक्काचं बोलणं रोज कळतं.

परवा दुकानदारानं नव्या रद्दीचं पोतं धाडलं. पिशव्या आता सून चिकटवते. वर एक पुस्तक वेगळं बांधलेलं होतं, आम्ही न बघितलेलं. सुनेनं ते माझ्यापासनं लपवलं नाही. मी देवळाकडं गेलो नाही. बायकोच्या जागेवर बसलो, पाटावर गेरूचा डबा ठेवला आणि म्हणालो, "वाच."

तिनं वाचलं. एका बाईनं सवतीच्या पोराला विहिरीत लोटलंय, असं गावात म्हणतात. गोणपाटवाला तिच्या दारात उभा. "तू केलंस." आकडा वर.

सून थांबली. "मामा, हिला बोट लावायचं का?"

मी अंगठा गेरूत बुडवला होता. तसाच धरून ठेवला.

"तिनं केलं का खरंच?"

"तसं काय दिलं न्हाई. गावात म्हणत्यात एवढंच."

"मग पयल्यापासनं परत वाच," मी म्हणालो. "सावकाश. ती बाई काय म्हणती ते कुठं लिवलंय का बघ."